झुलाल आबांची हजेरी

धरणगावचे झुलाल आबा पाटील शाळेत गेले सव्वा वर्ष आणि कॉलेजात गेले अकरा दिवस. मधली पन्नास वर्षं त्यांनी कपाशी पिकवली. शाळेत त्यांचे पावकी, निमकी आणि पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ झाले, पण अक्षरओळख पुरती व्हायच्या आतच वडलांनी पाटी काढून घेतली आणि हातात औताचं रुमणं दिलं. त्यामुळे आबांना सही येत नसे, आणि हिशेबात मात्र त्यांना कुणी फसवू शकत नसे. कॉलेजात ते कसे आणि का गेले, हे ऐकण्यासारखं आहे.

आबा अंगानं काडीसारखे, आवाजानं मात्र दांडगे. गावात त्यांचा लौकिक एकाच गोष्टीसाठी होता. कुणाकडे लग्न असो, मयत असो की विहिरीचा गाळ काढायचा असो, आबांच्या घरचा माणूस तिथं हजर. स्वतःला जमलं नाही तर मुलगा, मुलगा नसेल तर पुतण्या, तोही नसला तर सालदार गडी. "घरमाईन एक मानूस गया म्हनजे बठ्ठं घर गयं," असं ते म्हणत, म्हणजे एकाची हजेरी ती सगळ्या घराची. त्या मुलखातल्या खेड्यापाड्यांचा हा जुनाच कायदा, आबांनी तो शोधला नव्हता. ते फक्त इतरांपेक्षा जरा जास्त इमानानं पाळत.

१९५० साली त्यांनी मुलाचं, धनसिंगचं लग्न केलं. मुलगी सोनगीरच्या पितांबर गुरुजींची, प्रमिला, मॅट्रिक झालेली. बैठकीत मानपानाची बोलणी निघाली तेव्हा गुरुजी म्हणाले, "मला काही मागायचं नाही. पोरीला बी.ए. होऊ द्या, एवढाच शब्द द्या."

आबांच्या भावकीनं एकमेकांकडे पाहिलं. बी.ए. म्हणजे नक्की काय हे आबांना ठाऊक नव्हतं. पण समोरचा माणूस चार भल्या माणसांत हात जोडून बसलेला, त्याला नाही कसं म्हणायचं? "दिन्हा शब्द," आबांनी सांगून टाकलं, आणि मग हळूच शेजाऱ्याच्या कानाला लागून विचारलं, "हाई किती दिनंनं काम ऱ्हास?"

"चार वर्षं," शेजारी म्हणाला.

आबांनी आवंढा गिळला, पण शब्द गिळला नाही. तीन वर्षं सून रोज सकाळच्या पॅसेंजरनं जळगावला जात होती आणि संध्याकाळी परत येत होती. गाव काय काय बोललं ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. पारावरच्या एकानं तोंडावरच विचारलं, "आबा, सून कॉलेजात आणि चुलीपुढे कोण, तुम्ही?" आबा म्हणाले, "व्हय. उद्या ये जेवाले." तो काही आला नाही.

चौथं वर्ष, शेवटची टर्म. जानेवारीत सोनगीरहून तार आली की पितांबर गुरुजी गेले. प्रमिला धनसिंगबरोबर तशीच निघाली. तेराव्यापर्यंत ती यायची नव्हती.

ती गेली आणि आबांना घर खायला उठलं. गुरुजी गेले, म्हणजे ज्याला शब्द दिला तो माणूसच गेला. आबांच्या मते अशानं शब्द हलका होत नाही, उलट त्याचं ओझं दुप्पट होतं, कारण आता तो सोडवणारं कुणी उरत नाही. त्यात त्यांना सुनेचं एक बोलणं आठवलं. विद्यापीठाचा नियम असा की दर विषयाचे जेवढे तास होतील त्यातल्या पाऊण तासांना हजेरी हवी. ती नसेल तर टर्म भरत नाही, टर्म भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, वर्ष फुकट. एवढ्या सगळ्यातला आबांनी एकच शब्द धरून ठेवला होता, हजेरी.

"हजेरी तुटाले नको," ते बायकोला म्हणाले. "मी सोता जासू."

दुसऱ्या दिवशी धुवट धोतर, डोक्याला फेटा आणि हातात काठी अशा थाटात आबा जळगावला उतरले, विचारत विचारत कॉलेजात गेले आणि सुनेच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसले. इंग्रजीचा तास होता. शिकवणारे तोताराम चौधरी सर रावेरकडचे, केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरातले, शिस्तीचे कडक. त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि "प्रमिलाबाई धनसिंग पाटील" म्हणताच मागून खणखणीत आवाज आला, "हाजीर शे!"

वर्गात हशा फुटला. पोरं बाकांवर लोळायची बाकी राहिली. सरांनी पेन खाली ठेवलं. आबा उभे राहिले आणि सगळं नीट सांगितलं: सुनेचा बाप गेला, ती तेराव्याला आहे, घरातून एक माणूस आलं आहे, तेव्हा काळजी नसावी.

सरांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "बसा आबा."

आबा बसले. अकरा दिवस बसले. इंग्रजीचा तास झाला की उरलेल्या विषयांनाही बसत, एक अक्षर कळत नसताना, मान ताठ ठेवून. मधल्या सुट्टीत पोरांना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटत. पोरांनी त्यांना "प्रेझेंट सर" म्हणायला शिकवलं. निंबा नावाचा धुळ्याकडचा एक वसतिगृहातला पोरगा तर त्यांच्या शेजारचीच जागा धरून बसायचा. त्याला घरची आठवण यायची आणि आबांच्या बोलण्यात त्याला घर सापडायचं.

तोताराम सरांनी मात्र रोज मस्टरमध्ये त्या नावापुढे गैरहजेरीच मांडली होती. ते आबांना कुणी सांगितलं नाही. सरांचीच जीभ उचलली नाही.

प्रमिला परतली. सासऱ्यानं काय केलं ते ऐकून ती आधी हसली, मग रडली, आणि मग वहीत आपले तास मोजायला बसली. फेब्रुवारीच्या शेवटी फळ्यावर यादी लागली तेव्हा तिची भीती खरी ठरली. बाकीचे तास उशिराचे असल्यानं त्या विषयांत ती काठावर का होईना तरून गेली होती. पण इंग्रजीचा तास सकाळचा पहिला. तिथं साठ तास झाले आणि तिची हजेरी एक्केचाळीस. आठ तास पॅसेंजरच्या उशिरानं खाल्ले होते, अकरा तेराव्यात गेले. हवी होती पंचेचाळीस. यादीत तिच्या नावाखाली लाल रेघ होती.

आबा दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन थेट कॉलेजच्या ऑफिसात शिरले. "आनि मी अकरा दिन तठे काय माशा मारी ऱ्हायंतू का?"

हेडक्लार्क रतिलाल सज्जन माणूस. त्यानं समजावलं की विद्यापीठ घराची हजेरी धरत नाही, माणसाची धरतं. आबांना हे कळायला वेळ लागला. पहिल्यांदा त्यांना वाटलं हा चेष्टा करतोय. मग त्यांचा चेहरा उतरला आणि ते बाकावर बसले. सुनेचं वर्ष आपल्या अडाणीपणानं गेलं असं त्यांच्या मनानं घेतलं. वास्तविक ते गेले नसते तरी हजेरी तेवढीच भरली असती, पण दुखावलेल्या माणसाला असला हिशेब कोण सांगणार?

रतिलालनं आवाज खाली आणला. "एक वाट आहे. आजारपण असेल तर प्रिन्सिपॉलसाहेब सूट देतात. डॉक्टरचा दाखला आणा. टायफॉइड म्हणा. सगळे तेच आणतात."

"मी आजारी नव्हते," प्रमिला म्हणाली. ऑफिसात आल्यापासून ती प्रथमच बोलत होती. "माझे वडील गेले म्हणून मी गेले होते. त्यांच्या मरणाला मी टायफॉइड म्हणणार नाही. वर्ष गेलं तरी चालेल."

आबांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. त्यांना गुरुजी बैठकीत बसले होते तसे समोर दिसले. पोरगी हुबेहूब बापाची होती. त्या क्षणी आबांना तिचा असा काही अभिमान वाटला की पोटचा मुलगा हिच्यापुढे कमीच, असंही एकदा मनात येऊन गेलं.

तोताराम सर दारात उभे राहून ऐकत होते. ते आत आले आणि सरळ म्हणाले, "आबा, चूक माझी. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुमच्याकडे बघून मला माझा बाप आठवला, आणि माझं तोंड शिवलं."

"आते काय करानं ते सांगा," आबा म्हणाले.

"काय करणार? जादा तास घेतले असते. नियमात जादा तासांना बंदी नाही. पण तास वाढले की एकूण आकडाही वाढतो. हजेरी वाढेल तशी गरजही वाढणार. हाती काय लागणार?"

रतिलालनं मान डोलावली. पण आबांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि बोटांची पेरं मोजायला घेतली.

"थांबा. एक तास वाढना, सूननी हजेरी पुरी एक वाढस. बराबर?"

"बरोबर."

"आनि विद्यापीठ मांगस पाऊन. म्हनजे दर तासले पाव पदरमा पडस. आज तिले कमी शे चार." आबा उभे राहिले. ऑफिसातली कारकून मंडळी टेबलं सोडून बघायला आली होती. "सोळा पाव चार! सोळा तास ल्या, सर. सोळा!"

सरांनी कागद ओढला. साठ आणि सोळा, शहात्तर. एक्केचाळीस आणि सोळा, सत्तावन्न. शहात्तरचे पाऊण किती? सत्तावन्न. त्यांनी दोनदा तपासून पाहिलं आणि कागद रतिलालपुढे सरकवला. एम.ए. झालेल्या माणसाला जे सुचलं नाही ते सव्वा वर्ष शाळेत गेलेल्या म्हाताऱ्यानं उभ्या उभ्या सांगितलं होतं, आणि याचा सर्वांत जास्त आनंद कुणाला झाला असेल तर त्या एम.ए. झालेल्या माणसालाच.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी कागद पाहिला, नियमाचं पुस्तक पाहिलं आणि होकार दिला, पण दोन अटी घातल्या. तास संपूर्ण वर्गाचे असले पाहिजेत आणि त्यांची नोटीस लागली पाहिजे, हे एक. दुसरं अवघड होतं. वर्गात एक्केचाळीस जण. त्यातले अकरा जण पाऊण हजेरीच्या जेमतेम वर. तास वाढले आणि ही पोरं आली नाहीत तर त्यांच्याच टर्मा बुडतील. "एकीचं भलं करताना अकरा जणांचं वाटोळं मी होऊ देणार नाही," साहेब म्हणाले. "सगळा वर्ग येणार असेल तर घ्या. आणि ही सारी गोष्ट होळीपर्यंत उरकली पाहिजे. त्यानंतर मी टर्मच्या कागदांवर सह्या करतो."

हातात बारा दिवस होते. आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना, अभ्यासक्रम संपलेला असताना, सोळा जादा तासांना कोण पोरगं येईल?

आबा त्याच संध्याकाळी वसतिगृहात गेले. गावात निंदणीला सावड, म्हणजे परतफेडीच्या बोलीवर मदत, मागायची असली की माणूस दारोदार जातो, उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि गरज सांगतो. आबांनी तेच केलं. खोलीखोलीपुढे उभे राहिले. "सोळा तास माले द्या," ते म्हणाले. "तुम्हनं काम पडी तव्हय मन्हं घर येई."

पोरांनी त्यांना आत ओढलं. अकरा दिवस ज्यांच्याबरोबर एका बाकावर बसून इंग्रजी ऐकलं, ज्यांच्या दशम्या खाल्ल्या, त्यांना उंबऱ्यावर कोण ठेवील? "आबा, तुम्ही आम्हना वर्गना शेतस," निंबा म्हणाला. "आम्ही बठ्ठा येसूत." गावात राहणाऱ्या पोरांच्या घरी निंबा स्वतः गेला. दोघेतिघे असेही होते ज्यांना प्रमिलेसारखेच दोनचार तास कमी पडत होते. त्यांना तर देव पावला, ते सर्वांत आधी तयार झाले.

तास सुरू झाले. रोज दुपारी तीनला एक, कधी लागोपाठ दोन. तोताराम सरांनीही नुसते तास भरले नाहीत, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन झाडून सगळी उत्तरं लिहून घेतली. पुढे निकाल लागला तेव्हा त्या वर्गात इंग्रजीत एकही पोरगं नापास नव्हतं. आबा रोज सुनेबरोबर यायचे आणि व्हरांड्यात बसायचे. आत जायचा हक्क आता आपला नाही, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

चौदा तास झाले. उरलेले दोन होळीच्या दिवशी आले, सकाळी दहा आणि अकराला, म्हणजे दुपारच्या गाड्यांनी पोरं घरी जाऊ शकतील. वर्षाचा सण, आणि पोरं इथं अडकलेली. आबांच्या घरातल्या बायकांनी आदल्या दिवसापासून खापरावर पुरणाचे मांडे टाकायला घेतले. दोन मोठ्या पाट्या भरल्या. सकाळी पाट्या, प्रमिला आणि आबा पॅसेंजरमध्ये बसले.

पाळधीच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. इंजिन बिघडलं होतं. साडेनऊ वाजले. दहा वाजले. प्रमिला खिडकीला डोकं टेकून बसली होती. एक तास हुकला तरी सगळं गेलं, कारण हिशेबात सांडायला दाणासुद्धा ठेवलेला नव्हता. आबा खाली उतरले, रुळाच्या कडेनं चालत इंजिनापर्यंत गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, गाडी कव्हय निंघी?" ड्रायव्हर काळ्या हातांनी काहीतरी ठोकत होता. आबा परत आले, पाट्यांकडे पाहिलं आणि इतकी चीड आली की ते मांडे रानात भिरकावून द्यावेत असं वाटलं. पितांबर गुरुजींना काय सांगायचं? इंजिन बिघडलं म्हणून?

गाडी जळगावात शिरली तेव्हा पावणेबारा झाले होते. टांगा करून दोघं कॉलेजात पोचले. सुट्टीचा दिवस, आवार रिकामं. पोरं दोन्ही तास संपवून घरी गेली असणार, असं म्हणत त्यांनी इमारतीला वळसा घातला.

पायऱ्यांवर चाळीस पोरं-पोरी बसली होती. तोताराम सर त्यांच्याच बरोबर, खालच्या पायरीवर, मांडीवर मस्टर घेऊन.

"निंबा स्टेशनवर जाऊन आला," सर उठत म्हणाले. "इंजिनाचं कळलं. तासाची वेळ विद्यापीठ ठरवत नाही आबा, मी ठरवतो. नोटीस बदलली आहे. बारा आणि एक."

"आनि यासन्या गाड्या?" आबांनी पोरांकडे बोट केलं.

"गयात गाड्या," निंबा हसत म्हणाला. "आते होळी अठेच."

पन्नास वर्षं आबा लोकांच्या दारी हजर राहत आले होते. आज सगळी माणसं त्यांच्यासाठी हजर होती.

पंधरावा तास झाला. सोळावा झाला. शेवटी सरांनी हजेरी घेतली, एकेक नाव सावकाश, आणि प्रमिलेच्या नावावर तिचा आवाज इतका स्पष्ट आला की व्हरांड्यात आबांनी काठी जमिनीवर आपटली. रतिलाल सणाच्या दिवशी मुद्दाम ऑफिस उघडून बसला होता. त्यानं बेरीज केली, शहात्तरात सत्तावन्न, आणि लाल रेघेवर निळ्या शाईनं "टर्म भरली" असं लिहिलं. मग पायऱ्यांवर मांड्यांच्या पाट्या उघडल्या. प्रिन्सिपॉलसाहेबसुद्धा उभ्या उभ्या दोन मांडे खाऊन गेले, आणि तिसरा रुमालात बांधून घेतला असं निंबा शपथेवर सांगायचा.

जूनमध्ये निकाल लागला. प्रमिलाबाई पाटील दुसऱ्या वर्गात बी.ए. झाली. गावात पेढे वाटायच्या आधी आबा म्हणाले, "पहिलं सोनगीर."

सुनेला आणि मुलाला घेऊन ते सोनगीरला गेले. गुरुजींच्या घरापुढे माणसं जमली. आबा ओट्यावर बसले आणि प्रमिलेला म्हणाले, "वाच." तिनं निकालाचा कागद सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. आत दाराच्या आड विहीणबाई, भिकुबाई, उभ्या होत्या. व्याह्यासमोर बाईनं यायचं नाही, बोलायचं नाही, ही रीत. लग्नापासून चार वर्षांत आबांनी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

त्या बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सावरला, पण तोंडावर ओढला नाही. माणसं चपापली. भिकुबाई आबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"व्याही," त्या म्हणाल्या, "आज प्रमिलाना वडील जित्ता ऱ्हातात ते तुम्हना पाय धरतात."

आबा ओट्यावरून उठले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"पाय कसाले धरतात?" ते म्हणाले. "व्याही शे मी त्यासना. गळाभेट लेतात."